पोरक्याचा वांटा

इ. स. १७८६ चा मे महिना. उत्तर अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत, आजच्या लुइव्हिल शहराच्या पूर्वेस, दाट अरण्य तोडून नव्यानेंच काढलेल्या एका शेतांत एक शेतकरी आपल्या तीन मुलांसह पेरणीच्या कामांत गुंतला होता. त्याचें नांव अब्राहम लिंकन. हें नांव ऐकतांच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें जी उंच व कृश मूर्ति उभी राहील ती याची नव्हे. हा त्या पुढें प्रसिद्धीस आलेल्या अध्यक्षाचा आजा होय. हा मुलूख शॉनी व इतर तद्देशीय जमातींच्या शिकारीचा. गोऱ्या शेतकऱ्यांनीं तो बळकावण्यास आरंभ केल्यापासून तेथें दोन्ही बाजूंनीं रक्तपात चालू होता. त्या दिवशीं रानाच्या कडेनें बंदुकीचा बार झाला आणि तो शेतकरी जागच्या जागीं कोसळला.

मधला मुलगा जोसाया तेरा वर्षांचा. तो मदत आणण्यासाठीं जवळच्या गढीकडे धांवत सुटला. थोरला मॉर्डिकाय पंधरा वर्षांचा. तो लांकडी खोपटांत शिरला व त्यानें तेथील बंदूक उचलली. धाकटा थॉमस अवघा आठ वर्षांचा. तो बापाच्या प्रेताजवळच राहिला. एक योद्धा त्या पोराकडे येऊं लागला तेव्हां मॉर्डिकायनें आंतून नेम धरून त्यास लोळविलें, आणि थॉमस वांचला. ही हकीकत त्या घराण्यांत पुढें दोन पिढ्या सांगितली जात असे. भावानें भावाचा जीव वांचविला एवढेंच त्या गोष्टींत येई. परंतु ज्या दिवशीं थोरल्या भावानें धाकट्याचे प्राण राखले, त्याच दिवशीं कायद्यानें धाकट्याच्या वांट्याची सारी जमीन थोरल्याच्या पदरांत टाकली. हा दुसरा भाग गोष्टींत सहसा येत नाहीं.

मयतानें मृत्युपत्र केलेलें नव्हतें. केंटकी तेव्हां व्हर्जिनियाचाच एक भाग होता. त्यास स्वतंत्र राज्याचा दर्जा १७९२ सालीं मिळाला. आणि व्हर्जिनियांत अद्याप इंग्लंडकडून आलेला ज्येष्ठाधिकाराचा नियम चालू होता. मृत्युपत्र न करतां कोणी मरण पावला तर त्याची सर्व स्थावर मिळकत एकट्या थोरल्या मुलाकडे जावी, असा तो नियम. विधवेस जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचा उपभोग हयातीपुरता मिळे; तो हिस्सा तिला विकतां येत नसे, व तिच्या पश्चात् तोही थोरल्याकडेच जाई. जंगम मालाची वांटणी मात्र निराळी होती. त्याचा तिसरा भाग विधवेस व उरलेले दोन भाग सर्व मुलांस, मुलगे व मुली असा भेद न करतां, सारखे वांटून मिळत.

या कुटुंबांत विधवा बाथशिबा, तीन मुलगे आणि दोन मुली असे वारस होते. अभ्यासकांच्या गणतीप्रमाणें मयताच्या नांवें पांच हजार एकरांच्या वर जमीन होती. त्यांतील बहुतेक भाग अरण्य होता हें खरें. तरी वस्ती वाढत चालली होती व जमिनीची किंमत वाढणार हें उघड दिसत होतें. ती सारी मॉर्डिकायची. १७८८ सालीं नेल्सन परगण्याच्या न्यायालयानें मालमत्तेचा व्यवस्थापक नेमला व जंगम मालाची यादी झाली. घोडे, गाईवासरें, नांगर, कुऱ्हाड, बंदुका, कथिलाचीं भांडीं आणि पिसांच्या गाद्या असा तो नवख्या शेतकऱ्याचा संसार होता. त्याच्या दोन तृतीयांशाचे पांच भाग केले असतां एका मुलाच्या वांट्यास पंधरांतील दोन भाग येतात. एवढ्या अपूर्णांकावर थॉमसला आयुष्य काढावयाचें होतें.

असा नियम मुळांत कां झाला, हें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत जमीन थोडी व मोठमोठीं घराणीं तिच्यावर टिकून. जमिनीचे तुकडे झाले तर घराण्याचें बळ जाईल, म्हणून एकाच्याच हातीं ती ठेवण्याची रीत पडली. धाकटे मुलगे सैन्यांत, धर्मखात्यांत किंवा व्यापारांत जात. अमेरिकेंत स्थिति अगदीं उलटी होती. तेथें जमीन उदंड आणि हात थोडे. चारही मुलगे घामाघूम होऊन जें रान साफ करीत, तें एकाचेंच व्हावें यांत न्याय कोणता? म्हणून उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, पेन्सिल्व्हेनिया इत्यादि वसाहतींनीं पूर्वींच हा नियम सौम्य केला होता. तेथें सर्व मुलांस वांटा असे. फक्त थोरल्यास इतरांच्या दुप्पट. यास आधार बायबलांतील मोशेच्या नियमांचा होता.

जेथें ज्येष्ठाधिकार चाले तेथेंही शहाणा शेतकरी मृत्युपत्र करून त्यांतून वाट काढी. अठराव्या शतकांतील अशीं सहस्रावधि मृत्युपत्रें परगण्यांच्या दप्तरांत जपून ठेवलेलीं आहेत. तीं वाचतांना त्या लोकांचें सारें घर डोळ्यांसमोर उभें राहतें. वरचें शेत एका मुलास, खालचें दुसऱ्यास. मुलींस गाय, गादी व कांहीं रोकड. मग विधवेची व्यवस्था येई. घरांतील अमुक खोली तिची. चुलीपर्यंत लांकडें फोडून आणून देण्याचें काम ज्यास घर मिळालें त्या मुलाचें. दर वर्षीं इतकें धान्य, इतकें डुकराचें मांस, बागेंतील सफरचंदें, एका गाईचा चारा, आणि प्रार्थनामंदिरास जाण्यापुरता घोडा. पोटच्या मुलाच्या घरीं आईला काय काय मिळावें हें इतकें बारकाईनें लिहावें लागे, यावरून मरणारा माणूस किती पुढचें पाहत असे तें कळतें. प्रेमावर त्याचा विश्वास नव्हता असें नाहीं. परंतु सून घरांत आल्यावर आणि पीक बुडाल्यावर प्रेमास कागदाचा टेंकू असलेला बरा, हें त्यानें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरीं पाहिलेलें असे. केंटकींतील त्या शेतकऱ्यास मात्र असा कागद करण्यास सवड मिळाली नाहीं.

आतां पोरक्या मुलांच्या पालकत्वाकडे वळूं. त्या काळच्या कायद्याच्या भाषेंत पोरका म्हणजे आईबाप दोन्ही नसलेला असा अर्थ नव्हता. ज्याचा बाप वारला तो पोरका. आई धडधाकट असली तरी त्यास पोरकाच म्हणत. मुलाची मिळकत सांभाळण्याचा अधिकार आईकडे आपोआप येत नसे. याचें कारण असें कीं, विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता कायद्यानें नवऱ्याची होई. विधवेनें पुनर्विवाह केला, आणि त्या वसाहतींत विधवा सहसा फार दिवस एकट्या राहत नसत, म्हणजे मुलांची गुरें व पैसा सावत्र बापाच्या हातीं जाण्याची भीति असे.

या भीतीपोटीं पालकत्वाचे नियम झाले. बापास मृत्युपत्रांत पालक नेमून ठेवतां येई; इंग्लंडांत हा अधिकार १६६० च्या कायद्यानें दिलेला होता. त्यानें नेमला नसेल तर न्यायालय नेमी. पेन्सिल्व्हेनिया व मेरीलंड येथें या कामासाठीं पोरक्यांचें न्यायालय म्हणूनच स्वतंत्र न्यायालय होतें. व्हर्जिनियांत परगण्याचें न्यायालय तें काम पाही. पालकास जामीनदारांसह कतबा लिहून द्यावा लागे आणि जमाखर्चाचा हिशेब न्यायालयापुढें मांडावा लागे. मुलगा चौदा वर्षांचा झाला म्हणजे त्यास न्यायालयांत उभें राहून आपला पालक आपण निवडतां येई. एकविसाव्या वर्षीं तो सज्ञान होई व पालकाकडे हिशेब मागूं शके.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत याहूनही मार्मिक असा एक नियम होता. अज्ञान मुलाकडे जमीन वारशानें आली तर त्याचा पालक जवळचा नातलग असावा. पण असा नातलग कीं, मुलगा मेला असतां ती जमीन ज्यास मिळण्याचा संभव नाहीं. ज्यास वारसा पोंचतो त्याच्याच ओटींत पोर घालणें म्हणजे कुंपणाला शेत खाण्याची संधि देणें होय, हें त्या कायदेकारांनीं ओळखलें होतें. मनुष्यस्वभावाविषयीं त्यांच्या मनांत भ्रम नव्हता. हिंदुस्थानांतील १८९० चा पालक व पाल्य यांविषयींचा कायदा इंग्रजी अमलांत झाला. त्यांतही कतबा व हिशेब यांची तरतूद आहे, तिचें मूळ याच परंपरेंत सांपडतें.

हे नियम कसे चालत याचें एक ठळक उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरांत मिळतें. व्हर्जिनियांतील डॅनियल पार्क कस्टिस हा मोठा जमीनदार १७५७ सालीं मृत्युपत्र न करतां वारला. मागें विधवा मार्था व दोन लहान मुलें राहिलीं. मिळकत १७,००० एकरांहून अधिक जमीन व सुमारें ३०० गुलाम एवढी होती. १७५९ सालीं वॉशिंग्टननें मार्थेशीं विवाह केला आणि दोन्ही मुलांच्या मिळकतीचें काम त्याच्याकडे आलें. मुलांचे कपडे, शिक्षक, औषधपाणी अशी प्रत्येक बाब ज्याच्या त्याच्या खात्यास लिहून तो दर वर्षीं न्यायालयास हिशेब देई. मुलगी पॅट्सी अपस्मारानें पिडलेली होती. ती १७७३ सालीं वारली. तिच्या धनाचा अर्धा भाग भावाकडे गेला व अर्धा आईच्या द्वारें वॉशिंग्टनच्या हातीं आला, आणि त्यांतून त्याचें लंडनच्या व्यापाऱ्यांचें कर्ज फिटलें. मुलीच्या मृत्यूनें त्यास मनापासून दुःख झालें होतें. त्याच्या सचोटीविषयींही शंका घेण्याचें कारण नाहीं. तरीसुद्धां पाल्याच्या मृत्यूनें पालकाचा लाभ होऊं शकतो हें येथें स्पष्ट दिसतें. प्रत्येक पोरक्यास वॉशिंग्टन लाभत नसतो.

त्या मिळकतींतील ३०० माणसांचा विचारही मनांतून जाऊं देतां कामा नये. धनी वारला म्हणजे गुलामांची यादी गुराढोरांच्या यादीशेजारीं होई. वांटणींत नवरा एका वारसाकडे, बायको दुसऱ्याकडे आणि मूल तिसऱ्याकडे असें होत असे. मालकाच्या पोरक्यांसाठीं न्यायालयें होतीं. त्या वांटणीनें पोरकीं झालेल्या गुलामांच्या मुलांसाठीं एकही नव्हतें.

ज्याच्याजवळ मिळकत होती त्याचा हिशेब न्यायालय पाहत असे. ज्याच्याजवळ नव्हती त्याचें काय होई? अशा मुलांस परगण्याचे अधिकारी करारानें एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देत. मुलगा सामान्यतः एकविसाव्या व मुलगी अठराव्या वर्षापर्यंत बांधली जाई. धन्यानें अन्नवस्त्र द्यावें, धंदा व वाचणें-लिहिणें शिकवावें, असें करारांत असे. कोठें तें पाळलें जाई, कोठें पोर नुसतें राबविलें जाई. ज्यांना असें बांधून दिलें नाहीं, तीं मुलें आप्तांच्या आधारानें व मजुरीनें वाढत.

थॉमस लिंकन या शेवटच्या वर्गांतला. बाथशिबा मुलांसह वॉशिंग्टन परगण्यांत राहावयास गेली. तेथें थॉमसनें लहानपणापासूनच मोलमजुरी केली. त्याच्या मुलानें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, आजा लवकर गेल्यामुळें व आजीच्या ओढगस्तीमुळें आपला बाप बाळपणींच कामासाठीं भटकणारा मजूर झाला, आणि अक्षरज्ञानाच्या नांवानें त्यास आपली सही कशीबशी खरडतां येई. वयांत येण्यापूर्वीं एक वर्ष तो टेनेसीकडे वटौगा नदीकांठीं आपल्या आयझॅक चुलत्याकडे राहिला. परंतु पुतण्या म्हणून नव्हे, तर मजुरीनें ठेवलेला गडी म्हणून. पुढें तो सुतारकाम शिकला. इकडे मॉर्डिकाय सज्ञान झाला व बापाच्या जमिनींचा धनी होऊन मानानें राहूं लागला. तो मोठा हजरजबाबी व हुशार गृहस्थ होता. घराण्यांतलें सारें चातुर्य काकाच घेऊन गेले, असें अध्यक्ष लिंकन विनोदानें म्हणत, अशी एक आठवण सांगतात. या दोघां भावांच्या बुद्धींत जन्मतःच किती अंतर होतें आणि किती अंतर वांटणीनें पाडलें, हें कोण सांगणार?

या कथेंतील सर्वांत चटका लावणारी गोष्ट तारखांची आहे. व्हर्जिनियाचा हा नियम रद्द करणारा कायदा १७८५ सालींच मंजूर झालेला होता. त्याचा मसुदा थॉमस जेफर्सनचा. तो स्वतः चौदा वर्षांचा असतां, १७५७ सालीं, त्याचा बाप वारला होता. पालकांच्या हाताखालीं वाढणें म्हणजे काय हें तो जाणत होता. ज्येष्ठाधिकार जातो असें पाहून समितींतील एका वृद्ध सहकाऱ्यानें निदान थोरल्यास दुप्पट वांटा तरी असावा असें सुचविलें. थोरला जर दुप्पट जेवत किंवा दुप्पट राबत असेल तर ती गोष्ट वेगळी, अशा आशयाचें उत्तर जेफर्सननें दिलें, आणि सर्व मुलांमुलींस सारखा वांटा हें तत्त्व कायम झालें. परंतु या कायद्याचा अंमल सुरू व्हावयाचा होता १ जानेवारी १७८७ पासून. केंटकींतील तो शेतकरी मे १७८६ मध्यें पडला. अवघ्या सात-आठ महिन्यांचें अंतर!

तेवढें अंतर नसतें तर थॉमस सुखवस्तु झाला असता असें मात्र खात्रीनें म्हणवत नाहीं. केंटकींत जमीन असणें आणि ती हातीं राहणें या दोन गोष्टी निराळ्या होत्या. तेथें सरकारी मोजणी नव्हती. झाडावरची खूण, ओढ्याचें वळण, मोठा दगड अशा निशाण्यांवर हद्दी ठरत. एकाच जमिनीवर दोघांतिघांचे हक्क निघत. थॉमसनें १८०३ सालीं २३८ एकरांचें शेत विकत घेतलें. विकतांना तें कागदोपत्रीं २०० एकर भरलें. दुसरें शेत हक्काच्या तंट्यांत गेलें. तिसऱ्यावरून त्यास हुसकावण्याचा दावा झाला. अखेर डिसेंबर १८१६ मध्यें बायको नॅन्सी, मुलगी सारा व सात वर्षांचा अब्राहम यांस घेऊन त्यानें ओहायो नदी ओलांडली आणि इंडियानांत पाऊल ठेवलें.

या नव्या मुलखाची घडीच निराळी होती. तेथील जमीन सरकारनें आधीं चौकोनी मोजून मग विकलेली. आणि १३ जुलै १७८७ च्या कायद्यानें ओहायोच्या उत्तरेकडील या प्रदेशासाठीं आरंभींच ठरवून टाकलें होतें कीं, मृत्युपत्र न करतां कोणी वारला तर त्याच्या सर्व मुलांस समान वांटे मिळावे व विधवेचा तिसरा हिस्सा राखावा. गुलामगिरीसही त्याच कायद्यानें तेथें मनाई केली होती. ज्या दोन गोष्टींनीं केंटकींतील गरीब शेतकरी टेकीस आला होता त्या, म्हणजे जमिनीचा संशयित हक्क व गुलामगिरी, याच आपल्या बापाच्या स्थलांतराचीं कारणें म्हणून पुढें अब्राहमनें नमूद केल्या आहेत.

परंतु पोरकेपणा त्या घराचा पाठलाग करीतच होता. ५ ऑक्टोबर १८१८ रोजीं नॅन्सी वारली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईंच्या दुधानें होणाऱ्या रोगानें त्या वर्षीं तेथें अनेक माणसें दगावलीं. नॅन्सीचे आप्तही त्यांत गेले व त्यांच्या आश्रयास असलेला डेनिस हँक्स हा तरुण लिंकनच्याच खोपटांत राहावयास आला. वर्षभर त्या घरांत कोणी मोठी बाई नव्हती. मग २ डिसेंबर १८१९ रोजीं थॉमसनें केंटकींत जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशीं लग्न केलें. तिचीं स्वतःचीं तीन मुलें होतीं. तींही बापाविना पोरकीं. एका खोपटांत तीन घरांचीं पोरकीं मुलें एकत्र आलीं. येथें वांटून घेण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, म्हणून न्यायालय नाहीं, कतबा नाहीं, हिशेब नाहीं. त्या बाईनें मात्र आपलें व परकें असा भेद केला नाहीं. अब्राहमच्या वाचनाच्या नादास तिनें आडकाठी केली नाहीं. तो तिला अखेरपर्यंत आईच म्हणत असे.

या कथेचा शेवट पुन्हां जमिनीच्या कागदापाशींच येतो. हें कुटुंब पुढें इलिनॉय राज्यांत गेलें, व १७ जानेवारी १८५१ रोजीं थॉमस वारला. अब्राहम तोंवर नांवाजलेला वकील झाला होता. बापलेकांचें फारसें जुळलेलें नव्हतें. तरी दहा वर्षांपूर्वीं त्यानें बापाच्या शेतांतील ४० एकर २०० डॉलर देऊन विकत घेतले होते आणि आईबापांच्या हयातीपर्यंत त्यांचाच उपभोग ठेवला होता. बाप गेल्यावर उरलेल्या ८० एकरांवरील आपला वारसाहक्क त्यानें सावत्र भाऊ जॉन यास नांवापुरता एक डॉलर घेऊन देऊन टाकला. आईचा विधवेचा हिस्सा तेवढा राखला. त्याच वर्षीं जॉननें जमीन विकून परमुलखीं जाण्याचा बेत केला. तेव्हां नोव्हेंबरमध्यें लिंकननें त्यास खरमरीत पत्रें लिहिलीं. पूर्वेकडील ४० एकर आई जिवंत असेपर्यंत तिच्यासाठींच राहतील, हें त्यानें स्पष्ट केलें. आणि ते विकावयाचेच झाले तर तिच्या नांवें ३०० डॉलर व्याजीं लागल्याची पक्की तजवीज झाल्यावांचून खत होणार नाहीं, असा आग्रह धरला. जॉन हा त्या बाईच्या पोटचा मुलगा आणि लिंकन सावत्र, हें येथें लक्षांत ठेविलें पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वींचा एखादा शेतकरी मृत्युपत्रांत आपल्या बायकोसाठीं खोली, लांकडें आणि गाईचा चारा लिहून ठेवी, त्याच जातीची ही काळजी. ज्या मुलाच्या बापास कायद्यानें एक वीतही जमीन दिली नव्हती, त्यानें कायद्याचा अभ्यास करून तो एका निराधार वृद्धेच्या पाठीशीं उभा केला. कायदा चांगला असावा, तो वेळेवर अंमलांत यावा, हें तर खरेंच. आठ महिन्यांच्या उशिरानें एका पोराचें किती गेलें हें आपण पाहिलें. पण चांगला कायदाही कोणी जागें राहून चालविला तरच पोरक्याच्या व विधवेच्या उपयोगीं पडतो. सारा लिंकन १८६९ पर्यंत जगली. ज्यानें तिचे ४० एकर राखले तो मुलगा तिच्या आधीं चार वर्षें गेला होता. ते एकर मात्र तिच्यासाठीं राखलेलेच होते.